औदार्य आणि पात्रता

सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतील अपंग लाभार्थ्यांचें मासिक अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला, तेव्हां सुशिक्षितांच्या बैठकींतून एक वाक्य ठरल्याप्रमाणें ऐकूं येऊं लागलें. "आतां अपंगांची संख्या वाढेल," हें तें वाक्य होय. बोलणारे बहुधा हंसून बोलतात आणि ऐकणारेही हंसतात. कारण त्या वाक्यांत एक सिद्धान्त दडलेला आहे व तो सर्वांस आधींच मान्य आहे. देणें वाढलें कीं मागणें वाढतें, आणि वाढलेलें मागणें खोटें असतें, असा तो सिद्धान्त. यांतील पहिला भाग खरा आहे असें आम्ही मानतों. दुसरा भाग पहिल्यांतून निघतो असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. आणि ह्या दोहोंमधील अंतर किती आहे तें मोजून पाहावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

पुणेकरांस हा प्रश्न नवा नाहीं. पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा रमणा होता. श्रावणमासीं तेथें दक्षिणा वांटली जाई. तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांनीं चालविलेला हा प्रघात पेशव्यांनीं आपल्याकडे घेतला आणि त्याचा विस्तार इतका केला कीं, पुण्याच्या दक्षिणेची वार्ता काशीपासून द्रविड देशापर्यंत पसरली. विद्वानांची परीक्षा शास्त्रीमंडळी घेत व त्यांस विद्येच्या मानानें अधिक मिळे. बाकीच्यांस रमण्यांत थोडेंबहुत मिळे. दक्षिणेची कीर्ति वाढली तशी येणारांची गर्दी वाढली, हें उघड आहे. पण म्हणून हिंदुस्थानांत ब्राह्मणांची पैदास वाढली, किंवा आले ते सारे तोतये होते, असें कोणी म्हटलें तर आपण त्यास वेडा म्हणूं. जे होते तेच आले. पूर्वीं घरीं बसत होते, आतां वाट चालून आले, इतकेंच. दोन रुपयांसाठीं कोणी गोदावरी ओलांडीत नाहीं, वीसांसाठीं ओलांडतो. पुढें इंग्रजी अमलांत एल्फिन्स्टननें ही रक्कम सालीना ५०,००० वर आणून ठेविली आणि रमण्याची गर्दी ओसरली. तेव्हां ब्राह्मण कमी झाले नाहींत, कमी झाले ते प्रवासी. दक्षिणेच्या पद्धतींत आक्षेपार्ह असें पुष्कळ होतें, व लोकहितवादींच्या पिढीनें तें स्पष्ट शब्दांत सांगितलेंही आहे. आम्हांस येथें तिचा उपयोग एवढाच कीं, मागणारांची संख्या वाढणें आणि खोटेपणा वाढणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तिच्यावरून डोळ्यांस दिसतें.

अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर तें आमच्याच राज्यांत, आणि एकाच रकमेच्या बाबतींत, घडलें आहे. जून २०२४ मध्यें 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. महिन्यास १,५०० रुपये. वय २१ ते ६५. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत. त्याच वेळीं संजय गांधी योजनेंतील अपंग स्त्रीलाही १,५०० रुपयेच मिळत होते. परंतु त्यासाठीं तिला किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणावा लागे, आणि कुटुंबाचें उत्पन्न वर्षास ५०,००० च्या आंत असल्याचें दाखवावें लागे. धडधाकट बहिणीस जें साध्या अर्जावर मिळे तें पांगळ्या बहिणीस वैद्यकीय मंडळापुढें उभें राहून, अर्थात् उभें राहतां येत असल्यास, मिळवावें लागे. दोन्ही रकमा एकत्र घेण्याची सोयही नव्हती. कारण दुसऱ्या सरकारी योजनेंतून तितकी रक्कम घेणारी स्त्री लाडक्या बहिणींत अपात्र ठरे. बहिणींचे अर्ज कोटींनीं आले. २०२५ सालीं छाननी झाली तेव्हां सुमारें २६ लाख नांवें प्रथमदर्शनीं अपात्र आढळल्याचें सरकारनेंच सांगितलें, आणि १४,००० हून अधिक पुरुषांच्या नांवें पैसे गेल्याचेंही उघडकीस आलें! रक्कम तीच, राज्य तेंच, माणसेंही तींच. तेव्हां मागणें हें केवळ देण्याच्या आकारावर वाढत नाहीं. दार किती रुंद आहे, दाराशीं कोण बसला आहे आणि तो काय विचारतो, ह्यांवरही तें अवलंबून असतें.

औदार्याचा परिणाम कांहींच होत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. ह्या विषयाची स्वच्छ कसोटी कॅनडा देशांत १९८७ सालीं मिळाली. तेथें क्वेबेक प्रांताची अपंगवेतनाची व्यवस्था निराळी व बाकीच्या प्रांतांची निराळी. त्या वर्षीं बाकीच्या प्रांतांतील वेतन ३६ टक्क्यांनीं वाढलें. क्वेबेकमध्यें तशी वाढ झाली नाहीं. जोनाथन ग्रूबर ह्या अर्थशास्त्रज्ञानें दोहोंची तुलना करून २००० सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो थोडक्यांत असा कीं, वेतन दहा टक्क्यांनीं वाढलें तर कामाबाहेर असणाऱ्या प्रौढ पुरुषांची संख्या सुमारें तीन टक्क्यांनीं वाढते. तीन टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण पूरही नव्हे. पूर्वीं शंभर माणसें कामाबाहेर होतीं, तेथें एकशेतीन झालीं. ह्या तिघांचें निमित्त करून उरलेल्या शंभरांकडे संशयानें पाहणें, हा न्याय आम्हांस तरी समजत नाहीं.

पूर पाहावयाचा असेल तर हॉलंडांत जावें. १९६७ सालीं तेथें जो कायदा अमलांत आला त्यानें पूर्ण अपंगास शेवटच्या पगाराच्या ८० टक्के वेतन मिळूं लागलें, आणि अपंगत्व कामावर असतांना आलें कीं घरीं, हा भेदही ठेवला नाहीं. १९९० च्या सुमारास दीड कोटी वस्तीच्या त्या देशांत हें वेतन घेणारांची संख्या नऊ लाखांच्या घरांत गेली. आपला देश आजारी आहे, असे उद्गार खुद्द पंतप्रधान लुबर्स यांनीं काढले. ज्या देशांत दूधदुभतें मुबलक, औषधपाणी उत्तम आणि माणसें दीर्घायुषी, तो देश एवढा पंगु झाला कसा? १९९३ च्या संसदीय चौकशींत ह्याचें उत्तर मिळालें, व तें मोठें उद्बोधक आहे. मालकास वयस्क कामगार काढून टाकावयाचा असे. बेकारभत्त्यापेक्षां अपंगवेतन अधिक दिवस मिळे. कामगारसंघास तंटा नको असे. आणि निर्णय देणाऱ्या मंडळांवर ह्याच दोन पक्षांचे लोक बसत. पाठ दुखते एवढें कागदावर आलें कीं सर्वच पक्ष सुखी. यांत लबाडी कोणाची म्हणावी? कामगाराची म्हणावी, तर त्याची पाठ खरोखरच दुखत होती. वीस वर्षें ती दुखतच होती. गिरणी चालूं होती तोंवर दुखत असूनही ती वांकत होती, गिरणी थंडावली तेव्हां तिला नांव मिळालें. पुढें त्या देशानें फेरतपासण्या केल्या, रकमा घटविल्या, आणि अखेर आजारी कामगाराचा दोन वर्षांचा पगार मालकानेंच द्यावा असें ठरविलें. तेव्हां कोठें ओघ आटला. वेल्समधील कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ब्रिटनमध्येंही हेंच झालें. खाण मिटली आणि दरीचीं दरी अपंग झाली.

येथें आपण प्रश्नाच्या गाभ्याशीं येतों. अपंगत्व ही वस्तु काय आहे? रक्तगटाप्रमाणें ती शरीरांत असते, डॉक्टरानें ती पाहून सांगावी, असें आपण गृहीत धरतों. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत तीस वर्षें गोणी वाहून मणका झिजलेला हमाल घ्या. मंडळाच्या कोष्टकांत त्याचे टक्के चाळिसांपर्यंत पोंचतीलच असें नाहीं. परंतु त्यास दुसरा धंदा येत नाहीं, आणि जो येतो तो आतां होत नाहीं. उलट लहानपणीं पोलिओनें पाय गेलेला एखादा बँकेंतील कारकून घ्या. त्याच्या दाखल्यावर साठ टक्के असतात, आणि तो सकाळीं दहापासून संध्याकाळीं सहापर्यंत कोणाहीपेक्षां चोख काम करतो. कागदावर हमाल सशक्त, कारकून अपंग. पोटाच्या बाजूनें पाहिलें तर उलट. दोन्ही कथनें खरीं आहेत, कारण 'किती टक्के' हा प्रश्न शरीरास विचारलेला आहे आणि 'कसें जगावें' हा प्रश्न शरीर व धंदा ह्या दोहोंच्या संबंधास. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. त्या एका सहीनें देशांत कोणाचा हात लुळा पडला नाहीं कीं कोणाची दृष्टि गेली नाहीं. तथापि लक्षावधि माणसें कायद्याच्या नजरेंत आलीं. ह्या सीमेवर उभा असलेला माणूस अनुदान वाढल्यावर पुढें सरला तर तो खोटें बोलला असें नव्हे. खरें काय तें त्याच्या बाबतींत ठरलेलेंच नव्हतें.

आणि सीमेच्या पुष्कळ आंत असूनही न आलेले किती! २०११ च्या जनगणनेंत भारतांत २.६८ कोटी अपंग मोजले गेले, म्हणजे शेंकडा २.२, महाराष्ट्रांत सुमारें २९.६ लाख. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें जगांतील प्रमाण शेंकडा १५ च्या आसपास सांगितलें. मोजण्याच्या रीती निराळ्या आहेत हें खरें. पण भारतीय शरीर जगाहून सहापटींनीं सुदृढ आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. अपंगत्व सांगण्यानें कांहीं मिळत नसेल, आणि मुलीचें लग्न मात्र मोडत असेल, तर कोण सांगेल? अनुदान वाढल्यावर जे नवे अर्ज येतात त्यांत हे मौनी लोक किती असतील, ह्याचा विचार हंसणारांनीं अवश्य करावा.

आपल्याकडे दानविचारांत 'पात्र' हा शब्द फार जुना. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें लक्षण सांगतांना देश व काल यांच्या जोडीला पात्र घातलें आहे. आज सरकारी निर्णयांतही हाच शब्द येतो: पात्र लाभार्थी, अपात्र लाभार्थी. परंतु शब्द तोच राहून ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलें, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दानधर्मांत पात्र ओळखण्याचें कर्तव्य दात्याचें असे. त्यानें शोधावें, पारखावें, आणि चुकल्यास दोष त्याचा. सरकारी योजनेंत आपली पात्रता सिद्ध करण्याचें कर्तव्य घेणाऱ्याचें झालें आहे. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या नांवाचें अनाथ पंगुगृह १८६० च्या दशकांत निघालें, आणि तें नव्या पेठेंत 'निवारा' ह्या नांवानें चालत आलेलें आहे. तशा संस्थेच्या दारांत आलेल्या माणसाकडे कोणी तरी डोळ्यांनीं पाहत असे. त्यांत दात्याची लहर होती, उपकाराची भावना होती, आणि म्हणूनच दानाच्या जागीं हक्क आला हें आम्ही चांगलेंच मानतों. पण हक्क आला तो दाखल्याच्या पोटीं आला. ससून रुग्णालयांत किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयांत मंडळापुढें जाणाऱ्या माणसास "मला हें करतां येत नाहीं, तेंही करतां येत नाहीं" असें मोठ्यानें सांगावें लागतें. ज्यानें जन्मभर 'येतें' म्हणावयास स्वतःला शिकविलें, त्यास त्या दिवशीं 'येत नाहीं' म्हणण्याचे पैसे मिळतात. गेल्या दशकांत सरकारनें अपंगास 'दिव्यांग' म्हणावयाचें ठरविलें. नांव दिव्य झालें. रांगेंत मात्र न्यूनच दाखवावें लागतें.

ह्याहून अधिक अनर्थ उत्पन्नाच्या अटीनें होतो, आणि त्याविषयीं आम्हांस कांहींसें तपशिलानें लिहिलें पाहिजे. वर्षास ५०,००० म्हणजे महिन्यास सुमारें ४,१६७ रुपये. आणि हें उत्पन्न एकट्या अपंगाचें नव्हे, सबंध कुटुंबाचें. पुण्यांत एका खोलीचें भाडें ह्याहून कमी असेल तर तें घर आम्हांस दाखवावें. भाऊ रिक्षा चालवितो, आई दोन घरीं धुणेंभांडीं करते, एवढ्यानें ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे ह्या शहरांत जो कुटुंबाचें उत्पन्न खरें सांगेल तो बहुधा अपात्र, आणि जो पात्र ठरला त्याच्या कागदावर कोठें तरी आंकडा दाबलेला असण्याचा संभव फार. अंग खरें, दाखला खरा, गरज खरी. खोटा तो उत्पन्नाचा रकाना. ज्या अटींत सत्य बोलणारा मावतच नाहीं, ती घालणाऱ्यानें मग असत्याबद्दल हळहळ करावी हें विचित्र आहे. शिवाय ज्या पांगळ्या तरुणानें शिलाईचें यंत्र घेऊन महिन्यास पांच हजार मिळवावयास आरंभ केला, त्याचा २,५०० चा हक्क त्याच आरंभानें धोक्यांत येतो. अनुदान वाढविलें आणि अट तशीच ठेविली, तर वाढलेल्या रकमेबरोबर काम लपविण्याचा मोहही वाढतो. औदार्यावर येणारा दोष पुष्कळदां असा अटीच्या कृपणपणाचा असतो.

मग खरे लबाड नाहींतच काय? आहेत, पण ते शोधावयाचे तर २,५०० च्या रांगेंत शोधूं नयेत. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठीं चार टक्के जागा राखून ठेविल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत अपंगांस अग्रक्रम मिळतो, व तो न्याय्यच आहे. येथें दाखल्याची किंमत महिन्याच्या हजारांत नसते; सबंध आयुष्याच्या पगारांत, अधिकारांत, किंवा घराजवळच्या शाळेंत असते. आणि येथें येणारा माणूस लिहितावाचता, ओळखीपाळखीचा, कायदा जाणणारा असतो. २०२४ सालीं पुण्यांत परिविक्षेवर असलेल्या एका सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. तें प्रकरण न्यायालयांत गेलें असल्यानें त्याच्या खरेखोटेपणावर आम्ही बोलत नाहीं. परंतु त्या गदारोळाचा परिणाम कोणावर झाला तें सर्वांनीं पाहिलें. ज्यांचीं कुबडी कोणासही दिसते अशा माणसांसही "तुमचा तरी खरा ना?" असें विचारलें जाऊं लागलें. २०२५ सालीं राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागानें जिल्हा परिषदांतील अपंग कर्मचाऱ्यांचे दाखले पुनः तपासण्याचा आदेश दिला. तपासणी आम्हांस मान्य आहे. कमी ऐकूं येतें असें सांगणाऱ्या शिक्षकाचें ऐकणें यंत्रानें मोजतां येतें, तें मोजावें. खोटा निघाला तर नोकरीसह घ्यावी ती शिक्षा द्यावी. खोट्या दाखल्यानें राखीव जागा घेणारा सरकारी तिजोरीचा अपराधी तर आहेच. पण तिजोरी मोठी आहे, ती सोसते. त्यानें ज्याची एक जागा नेली, आणि ज्या हजारोंच्या शब्दावरचा विश्वास नेला, ते सोसूं शकत नाहींत.

तपासणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात: खोट्यास हो म्हणणें आणि खऱ्यास नाहीं म्हणणें. पहिल्या चुकीची बातमी होते. दुसरी घरीं परत जाते. अमेरिकेंत १९८० नंतरच्या तीनचार वर्षांत फेरतपासणीच्या नांवाखालीं सुमारें पांच लाख लोकांचीं अपंगवेतनें बंद करण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें दोन लाख लोकांना दाद मागितल्यावर तीं परत द्यावीं लागलीं, आणि १९८४ सालीं कायदाच बदलावा लागला. मधल्या काळांत त्यांनीं काय खाल्लें, हें कोणत्याही ताळेबंदांत आलें नाहीं. त्याच देशांत जॉन बाउंड नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९८९ सालीं एक साधा प्रश्न विचारला. ज्यांचे अर्ज नाकारले गेले, म्हणजे ज्यांस मंडळानें 'तूं काम करूं शकतोस' असें सांगितलें, ते पुढें कामावर गेले काय? गेलेले निम्म्यांहूनही कमी निघाले. उरलेले वेतनाविना होते आणि कामाविनाही होते. वेतनाच्या लोभानें काम सोडलेला माणूस वेतन न मिळाल्यावर कामाकडे वळावयास हवा होता. बहुसंख्य वळले नाहींत, यावरून काय तें समजावें.

दिव्यांग कल्याणाचें राज्यस्तरीय आयुक्तालय पुण्यांतच, चर्च रोडवर आहे. २,५०० रुपयांची वार्ता खेडोपाडीं पोंचेल तसे अर्ज वाढतील, आणि वर्षादोनवर्षांत वाढीचा एखादा आंकडा वर्तमानपत्रांत झळकेल. आमची सूचना अशी आहे कीं, मंजूर अर्जांच्या आंकड्याशेजारीं नाकारलेल्यांचाही आंकडा छापावा. कोणत्या कारणानें नाकारले, अंगाच्या कीं उत्पन्नाच्या, तें सांगावें. आणि नाकारलेल्यांतील निदान कांहीं शेंकडा लोकांच्या घरीं वर्षभरानें माणूस पाठवून ते कशावर जगतात तें लिहून आणवावें. पुण्यांत समाजशास्त्राचे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि बसचें भाडें फार नाहीं.